भुरीकाकीचा दोन हातांचा बुचडा

माझी नात अमरावतीहून सुट्टीत आली की आरशासमोर बसते आणि विचारते, "आबा, केस बांधू का सोडू?" मी म्हणतो, बांध, सोड, काप, तुझी मर्जी. पण जरा बस, तुला आपल्या तांड्यातल्या भुरीकाकीचं सांगतो. एवढं ऐकलं की ती आरसा घेऊन आत पळते. तिची ही गोष्ट ऐकून झाली आहे म्हणे. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद पळत नाही.

पन्नास सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. तेव्हा वाशिम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे म्हणवायचो. आमचा बंजाऱ्यांचा तांडा कामरगाव आणि कारंजा यांच्या मधे, रस्त्यापासून आत, पळसाच्या रानाला लागून. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरले. आम्ही मात्र कापूस, ज्वारी आणि तुरीला लागलो होतो. मी झाडाखालच्या शाळेत चौथी पास झालेलो, नुकतं लग्न झालेलं, आणि तांड्यातली सगळ्यात चांगली दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, माझी. बैलांची नावं सांगत बसत नाही, नाहीतर गोष्ट त्यांच्यावरच जाईल. तसं एकदा झालं आहे. आणखी एक सांगून ठेवतो. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण ती इथं लिहिली तर तुम्हाला कळायची नाही. म्हणून सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावलं आहे.

आता घुगरी म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वाया. आमच्यातली लग्न झालेली बाई दोन्ही कानशिलांजवळच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालते आणि त्यांत चांदीचे दागिने गुंफते. वर वाटीसारखी टोपली, खाली लोंबती घुंगरं. ती घुगरी. चालताना ती गालाशी वाजते. जिच्या गालाशी घुगरी वाजते तिचा नवरा जिता आहे, हे लांबून बघणाऱ्यालाही कळतं. नवरा गेला की बायका रडत रडत ती उतरवतात, हातातला चुडाही उतरवतात, आणि पुन्हा ती चढत नाही.

पण घुगरी आपली आपल्याला गुंफता येत नाही. एकीनं केस ओढून धरायचे, दुसरीनं तेल लावून वेणी घालायची, दोऱ्यानं चांदी बांधायची. कानशील डोळ्यांना दिसत नाही, आणि चांदी एका हातानं पेलत नाही. चार हातांचं काम. एकदा गुंफली की कितीतरी दिवस सोडायची नाही, त्यातच झोपायचं. मग सोडून, धुऊन, पुन्हा नव्यानं गुंफायला आख्खी दुपार जायची. म्हणून तांड्यात बायकांच्या जोड्या ठरलेल्या असत, बैलांच्या असतात तशा. हिनं तिची गुंफायची, तिनं हिची. जोडी बदलत नसे.

भुरीकाकीची जोडी रुपाबाईशी. दोघी एकाच तांड्यातून, एकाच लगनसराईत सून म्हणून आलेल्या. घरं समोरासमोर. गुंफायची दुपार आली की काकीच्या ओट्यावर दोघी बसायच्या, एक पुढं, एक मागं, आणि बोलणं जे सुरू व्हायचं ते दिवस कलला तरी संपायचं नाही.

"हलू नको. म्हशीवानी मान हलवते."

"तू वढते किती. डोकं हाय माह्यं, मोटेचा दोर नाही."

"दोरच बरा. तो बोलत नाही."

मी बैलांना पाणी पाजताना हे ऐकायचो. त्यांचं तोंड कधी एकमेकींकडं नसायचं, कारण एक दुसरीच्या पाठीमागं. पण मनातलं माणूस तसंच चांगलं बोलतं, समोर डोळे नसले म्हणजे.

काकीचा नवरा दौलतसिंग. उंच, हसरा, आणि हातावर पोट असूनही रागीट. त्याचं आणि धाकटा भाऊ भाऊसिंग याचं एका बैलावरून भांडण झालं. बैल दोघांचा, नांगरायची वेळ एकच. दौलतकाका रागानं म्हणाला, "घे तुले बैल, मी माहे हात घेऊन जातो," आणि कारंज्याहून छोट्या आगगाडीत बसून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईकडं कुठंतरी धरणाच्या कामावर गेला. पहिल्या वर्षी एका माणसाबरोबर लुगडं पाठवलं. आम्ही नेसतो घागरा, त्याला म्हणतो फेटिया. त्या लुगड्याचं काकीनं काय केलं देव जाणे, पण जपून ठेवलं. त्यानंतर काही नाही. ना माणूस, ना निरोप. तो शेवटपर्यंत आला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही. ते काम तिनं एकटीनं केलं तेवढं पुरे.

मूलबाळ नव्हतं. भाऊसिंगच्या घराशी बोलणं बंद. राहिली रुपाबाई. आणि मग रुपाबाईच्या मुलांना मेडशीकडं जमीन मिळाली, आणि ते घर भांड्याकुंड्यांसकट तिकडं निघालं. मेडशी म्हणजे आजच्या हिशेबानं काही लांब नाही. तेव्हा लांब होतं. निघायच्या आदल्या दिवशी रुपाबाईनं काकीची घुगरी गुंफून दिली, इतकी घट्ट की काकीचे डोळे ताणले गेले.

"इतकी काहून आवळली वो?"

"टिकली पायजे. पुढं कोन हाय?"

ती टिकली तेवढी टिकली. मग सैल झाली.

तेव्हा काकी चाळिशी ओलांडलेली. आणि एक गोष्ट बायका बोलत नसत पण सगळ्यांना ठाऊक असे. इतक्या वर्षांच्या चांदीच्या वजनानं कानशिलावरचे केस उपटून जातात. काकीचे तर पार विरळ झालेले. वेणी धरायला केसच कमी, आणि धरणारंही कोणी नाही. दुसऱ्या बायकांना सांगता आलं असतं. पण प्रत्येकीची जोडी ठरलेली, आणि काकी मागणारी बाई नव्हती. मागायचं म्हणजे माझं कोणी नाही असं तोंडानं म्हणायचं.

मग तिनं स्वतः खटपट सुरू केली. काशाच्या थाळीत पाणी घेऊन त्यात बघायची. केसांचं टोक दातांत धरायची, दुसरं टोक दोऱ्यानं मेढीला, घराच्या खांबाला, बांधायची, आणि मेढीशेजारी बकरी बांधल्यासारखी बसून वेणी घालायची. एकदा बकरीनंच दोरा खाल्ला. एकदा बकरीचे केस वळून त्यांत चांदी गुंफली. ती वेणी बरी झाली, पण उन्हात वास येऊ लागला. कधी घुगरी कानाला बांधायची, तर कान लाल. हे सगळं मला माझ्या बायकोनं, ललितानं सांगितलं. तिनं कुडाच्या फटीतून पाहिलं होतं. मी विचारलं, "मंग तू गेली काहून नाही?" ती म्हणाली, "मी काल आलेली सून. तिले वाटलं असतं, मी पाहून राह्यली." पाहतच होती, पण ते असो.

एका लग्नात पंगतीत वाढताना काकीची घुगरी सुटून वरणाच्या बादलीत पडली. वाशिमकडचा एक पाहुणा जेवताजेवता थबकला आणि त्यानं तोंडातून घुंगरू काढलं. म्हणाला, "आमच्याकडं वरनात मीठ टाकतात." पंगत लोळली. काकीही हसली. घुगरी धुऊन कनवटीला लावली आणि शेवटपर्यंत वाढत राहिली, डाव्या गालावर पदर ओढून. आमच्यात त्याला टुकरी म्हणतात, डोक्यावरच्या ओढणीला. त्या दिवसापासून ती टुकरी गालावर ओढूनच चालायची. लग्नाकार्याला जाणंही तिनं कमी केलं.

आता बाजाराची गोष्ट. कापूस निघायच्या आधीचे दिवस. मी कारंज्याच्या बाजाराला दमणी घेऊन निघालो, तर काकी वाटेत उभी. "मोहनसिंग, मीठ संपलं, येऊ का?" मी म्हटलं बस. एरवी गाडीभर बायका असत, त्या दिवशी ती एकटीच.

बाजारात कामरगावची गोजराबाई मिरची घेऊन बसायची. कुणब्याची बाई, अंगानं भरलेली, आवाज असा की बैल कान टवकारायचे. काकी मिरची बघायला वाकली आणि उजवीकडची घुगरी सुटून मिरचीच्या ढिगात गेली.

गोजराबाईनं ती उचलली. "काय वो बाई, मी मिरची इकून राह्यली अन् तू वरून चांदी वाटून राह्यली का?"

काकी ओशाळली. टुकरीनं गाल झाकायला गेली, तर गोजराबाईनं तिचा हात धरला. "पाहू दे. अगं माय. केस कुठी गेले इथले?"

"चांदीनं खाल्ले."

"किती वेळ लागते याले गुंफाले?"

"दुपार."

"आखी?"

"आखी. अन् दुसरी बाई लागते."

"हाय का दुसरी बाई?"

काकीनं एक मिरची उचलली आणि परत ढिगात ठेवली. मी बैलाच्या गळ्यातली घंटा उगाच नीट करत होतो. गोजराबाईनं मिरचीवर गोणपाट टाकलं आणि म्हणाली, "बस इथं, पाठ कर माह्याकडं. हात मिरचीचे हायेत, डोयाले लावत नाही, भिऊ नको."

आणि भर बाजारात, निंबाच्या सावलीत, तिनं काकीची उरलेली घुगरी सोडली, सगळे केस मोकळे केले आणि बोटांनी विंचरले. काकीनं डोळे मिटले. मी पाहिलं, लपवत नाही. रुपाबाई गेल्यापासून तिच्या डोक्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. ती एखाद्या ताप आलेल्या पोरीसारखी मान टाकून बसली होती.

"हे पाय," गोजराबाई शिकवू लागली. "कानावरून ढिले घे, आवळू नको. मंग इरळ जागा झाकते. सारे मांगं ने. एक येढा, दुसरा येढा, शेंडा आत खुपस. झाला बुचडा. आता तू कर."

काकीनं केला. पहिल्यांदा सुटला, दुसऱ्यांदा बसला. मानेवर छान सुपारीएवढा, म्हणजे मोठ्या सुपारीएवढा बुचडा. बांगडीवाल्याकडचा आरसा गोजराबाईनं ओरडून मागवला. काकी त्यात बघत राहिली. खरंच सांगतो, तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आजवर चांदीच दिसायची. कपाळ रुंद, गालाची हाडं वर, आणि कानांवरून उतरलेले ढिले केस, त्यांत थोडे पांढरे. वय कमी दिसत नव्हतं, पण वयाचं काही वाईटही दिसत नव्हतं.

"दोन हाताचं काम हाय," गोजराबाई म्हणाली. "तिसऱ्याची वाट पाहाची नाही. घे, पाव शेर मिरची जास्त घे. चांदी पडली त्याची."

काकीनं दोन्ही घुगऱ्या कनवटीला बांधल्या आणि आम्ही परत निघालो. वाटेत ती सारखी कानशिलाला हात लावून पाहायची.

"हलकं वाटते, मोहनसिंग."

"चांगलं दिसते काकी."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "आवाज येत नाही."

मला वाटलं चाकाचा. मी खाली वाकून वंगण बघितलं. नंतर लक्षात आलं, घुगरीचा. इतकी वर्षं ती दोन घुंगरं कानाशी बोलत होती, आणि आता गाडीत सगळं गप्प.

तांड्याशी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. काकी मिठाची गाठोडी डोक्यावर घेऊन विहिरीकडून गेली आणि मी बैल सोडायला घराकडं. विहिरीवर बायका होत्या, आणि त्यांत सुंदरबाई, आमच्या नायकाची बायको. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य, गोविंदसिंग. सुंदरबाईनं काकीकडं पाहिलं. कानशिलं मोकळी. घुगरी नाही. बाई बाजारातून आली आहे, आणि कारंज्याला तर मूर्तिजापूरची गाडी येते, मुंबईकडची माणसं घेऊन. तिनं हातातली घागर खाली ठेवली, काकीच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं गळा काढला.

आमच्या बायका रडतात ते नुसतं रडणं नसतं. गळ्यात गळा घालून, सूर धरून, गेलेल्याचं एकेक आठवून रडतात. एकीनं सुरू केलं की ऐकणारीला थांबता येत नाही. सुंदरबाईनं दौलतसिंगच्या उंचीवर सुरुवात केली, दुसरीनं त्याचं हसणं घेतलं, तिसरीनं तो बैल घेतला. मी बैल बांधत होतो, तर सगळा तांडा विहिरीकडं पळताना दिसला. मी एकाला विचारलं, "कोन गेलं?" तो म्हणाला, "दौलतसिंग." आणि काय सांगू, दिवसभर मी तिच्याबरोबर होतो, माझ्यासमोर तिनं बुचडा घातला, तरी मलाही खरं वाटलं. वाटलं, बाजारात तिला कळलं असेल आणि बाई गाडीत पोटात ठेवून बसली असेल. मीही डोळे पुसले.

त्या संध्याकाळी गावचा न्हावी जगदेव तांड्यात आलेला होता. तो यायचा तेव्हा सगळ्यांची एकदम करून जायचा. भाऊसिंग त्याच्यापुढं दाढीला बसला होता. भाऊ गेल्याचं ऐकलं आणि तो ढसाढसा रडायला लागला. मिशी-डोकं उतरवायची रीत पुढल्या दिवसांतली, पण भाऊसिंगला पहिल्यापासून घाई. शिवाय भावाशी भांडून त्याला घालवला ही टोचणी. म्हणाला, "जगदेव, उतरव मिशी. मीच घालवला त्याले." जगदेव वस्तरा लावून बसलेलाच होता.

तिकडं बायकांनी काकीला घरी आणून ओट्यावर बसवली. ती सुरुवातीला "आवं, ऐका तं," असं म्हणत होती. पण रडण्यात कोण ऐकतं? आणि मग ती गप्प झाली. हे मला नंतर तिनंच सांगितलं, हसत, आणि हसता हसता मधेच थांबून. ती म्हणाली, "किती दिसांनी ओटा भरला होता, मोहन." ज्या बायका वर्षभर दारावरून नुसत्या जायच्या त्या तिला खेटून बसल्या होत्या. कोणी पाठीवर हात फिरवत होती, कोणी पाणी पाजत होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणींनी ज्वारीच्या भाकरी आणि वरण आणलं. भाऊसिंगची बायको, जिनं त्या बैलापासून तोंड उघडलं नव्हतं, तिनं घास मोडून काकीच्या तोंडात घातला. काकीनं खाल्ला. आणखी एक खाल्ला. तिला भूक लागली होती, सकाळपासून गाडीत होती. आणि एकटीच्या चुलीवरची भाकर किती गोड लागते ते तुम्हाला ठाऊक नसेल तर बरंच आहे.

मग सुंदरबाई पुढं सरकली. आता चुडा उतरवायचा. तिनं काकीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बांगडीला बोट लावलं.

काकीनं हात हिसकून घेतला.

"हात लावू नको."

"बाई, रीत हाय. रडून घे, पन हे आता—"

"माहा मानूस मेला नाही."

एकेक सूर बंद पडत गेला. शेवटी लांब बसलेली एक बहिरी म्हातारी तेवढी रडत राहिली, तिला कोणीतरी कोपरानं ढोसलं.

"मंग निरोप कोनं आनला?" सुंदरबाईनं विचारलं.

"कोनीच नाही."

"मंग घुगरी काहून काढली?"

काकी म्हणाली, "गुंफाले कोनी नाही म्हनून."

माझी बायको तिथं होती. ती सांगायची, ज्या गळा काढून रडत होत्या त्यांनीच आता माना खाली घातल्या. कोणी कोणाकडं पाहीना. भाकरीची टोपली मधे तशीच. सुंदरबाई आपल्याच गालाची घुगरी बोटांत धरून बसली.

एवढ्यात भाऊसिंग आला. कोणीतरी पळत जाऊन त्याला सांगितलं होतं, दौलतसिंग जिता आहे, थांब. जगदेव थांबला होता, पण उजवी बाजू उतरली होती. भाऊसिंग अर्ध्या मिशीवर हात ठेवून अंगणात उभा राहिला. ज्यांना हसू आलं त्यांनी तोंडं फिरवली.

"नायकाले बोलवा," तो म्हणाला. "माही मिशी गेली, भाऊ मेला नाही, हे काय चालू हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदसिंग नायक चिंचेखाली बसला. भाऊसिंग तोंडाला फडकं बांधून आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. भोजाईनं, म्हणजे भावजयीनं, एक काहीतरी धरावं. नवरा जिता म्हणते तर घुगरी घालावी. घुगरी घालत नसेल तर चुडा उतरवावा, आणि तांडा दौलतसिंगचे दिवस घालील. मधलं काही चालायचं नाही. आज हिनं काढली, उद्या दुसरी काढील, मग कोण कोणाची ते कळणार कसं?

नायकानं काकीला विचारलं, "तुहं काय म्हननं हाय?"

"तो येईन तवा त्यानं मले वळखलं पायजे," ती म्हणाली. "चुडा राहीन. घुगरी मी टाकली नाही, कनवटीले हाय. पन केस नाहीत अन् हात नाहीत. मी काय करू, तुमीच सांगा."

नायक म्हातारा, सावकाश बोलणारा. त्यानं बायकांकडं पाहिलं. सुंदरबाई म्हणाली, "आमी गुंफून देऊ. पाळीनं."

आणि खरंच, पहिल्या दुपारी पाच बायका एकदम आल्या. एक डोकं, दहा हात. काकीला हलता येईना. गप्पा मात्र झाल्या नाहीत. सगळ्या चुकलेल्या माणसासारख्या भराभर गुंफत होत्या. पुढच्या खेपेला दोघी आल्या. मग कापूस वेचणीला आला, आणि वेचणीच्या दिवसांत कोणाला आपलं डोकं खाजवायला वेळ नसतो तर दुसरीचं कोण गुंफणार? दुष्टपणा नव्हता त्यात. पाळी चुकली, एवढंच. आणि जी शेवटी आली तिच्या हातात गुंफताना केसांची बटच निघून आली. ती घाबरून बट तळहातावर घेऊन बसली. काकीनं ती बट घेतली, गोल वळली, चुलीत टाकली. म्हणाली, "जा बाई, तुहा कापूस पाय."

त्यानंतर काही दिवसांनी काकी विहिरीवर आली तेव्हा मी बैल पाजत होतो. आधी आवाज आला. छुन्नक छुन्नक, दोन्हीकडून सारखा. मी म्हटलं गुंफली वाटतं कोणीतरी. जवळ आली तर डोक्यामागं बुचडा, गोजराबाईनं शिकवला तसाच, कानांवरून ढिले केस उतरलेले. आणि घुगरी केसांत नव्हतीच. तिनं ती टुकरीच्या काठाला आतून पट्टी लावून शिवली होती, बरोबर कानशिलाच्या जागी. टुकरी डोक्यावर घेतली की दोन्ही बाजूंना चांदी गालाशी लोंबायची. वजन सगळं कापडावर, केसांना ओढ नाही. टुकरी काढली की घुगरीही खुंटीला.

सुंदरबाईनं ती टुकरी उचलून पाहिली, खाली सोडली, पुन्हा उचलली. "हे कसं सुचलं वो तुले?"

"वेळ लय होता," काकी म्हणाली.

भाऊसिंग लगेच नायकाकडं. त्याची मिशी एव्हाना दोन्हीकडं सारखी खुरटी झाली होती. म्हणाला, "घुगरी केसात पायजे, फडक्यात नाही." गोविंदसिंग ओट्यावर तंबाखू मळत होता. काकी समोरून पाणी घेऊन चालली होती. नायक थोडा वेळ ऐकत राहिला.

"गालाशी वाजते का?"

"वाजते, पन—"

"मंग भाऊसिंग, तुले अजून काय पायजे? दौलत आला तर त्याले आवाज वळखू येईन. केसात हाय का कापडात, हे त्याले पाहू दे. आपन पाहाचं काम नाही."

झालं. चुडा राहिला, घुगरी राहिली, बुचडाही राहिला. पुढं पुढं ज्यांची कानशिलं विरळ झाली होती त्या बायका लपतछपत काकीकडं टुकऱ्या घेऊन यायला लागल्या. माझ्या बायकोनंही चाळिशीत तशीच शिवून घेतली. मी तिला म्हणायचो, भुरीकाकीची फॅशन. ती म्हणायची, गोजराबाईची मिरची.

पण एक राहून गेलं, ते सांगतो आणि मग जेवायला उठतो. बुचडा दोन वेढ्यांत व्हायचा. सकाळी उठली, दोन वेढे, टुकरी, झालं. पूर्वी ज्या कामाला दुपार लागायची त्याला आता बैलानं शेपटी हलवावी एवढाच वेळ. मग ती दुपार उरली. गुंफायच्या दिवशी काकी ओट्यावर यायची, सवयीनं, मागं एका माणसाला बसायला जागा ठेवून पुढं सरकून बसायची. तिथं बसून चिंचेनं चांदी घासायची. समोर रुपाबाईच्या घराची नुसती मेढ उभी होती.

रुपाबाई एकदाच आली, नायकाच्या नातवाच्या लग्नाला. केस पांढरे, पण घुगरी जुन्या पद्धतीची, केसांतच. "सुना गुंफतात," ती म्हणाली, "पन हात घाईचे." जेवणं झाल्यावर दोघी ओट्यावर बसल्या. मागच्या जागेवर रुपाबाई. तिनं काकीचा बुचडा सोडला, कानशिलं पाहिली. गुंफायला काही उरलं नव्हतं. मला वाटलं आता उठतील. त्या उठल्या नाहीत. रुपाबाईनं तेल मागवलं आणि आख्खी दुपार नुसतं विंचरत राहिली.

"हलू नको. म्हशीवानी मान हलवते."

"आता काय गुंफून राह्यली, की हलू नको?"

"काहीच नाही. तरी हलू नको."

दुसऱ्या दिवशी मी रुपाबाईला दमणीतून कारंज्याला नेलं आणि मोटारीत बसवून दिलं. परत आलो तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. काकी ओट्यावर पाठमोरी बसली होती, केस मोकळे, आदल्या दिवशीच्या तेलानं चमकत होते. टुकरी खुंटीला होती. माझी गाडी ऐकली तशी तिनं केस कानांवरून ढिले घेतले, एक वेढा दिला, दुसरा दिला, शेंडा आत खुपसला. मग खुंटीवरची टुकरी डोक्यावर घेतली आणि घुगरी वाजली.

"बसली का मोटारीत?" तिनं विचारलं.

"बसली काकी."

"खिडकीपाशी?"

"खिडकीपाशी."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि अंगाखालचं गोणपाट झटकून आत गेली.